भापकरबाईंचं चिलखत

शिट्टी भापकरबाईंना आवडत नसे. "शिट्टी गार्डसाहेबांनी वाजवावी. माझ्या पोरी काय रेल्वेचे डबे आहेत?" असं म्हणत. आमच्या कन्याशाळेच्या मैदानावर त्या उभ्या राहिल्या की आधी त्यांचा उजवा हात वर जाई. कोपर सरळ, बोटं मिटलेली, तळवा पुढे. मैदानाच्या पार टोकाला, कडुनिंबापाशी उभ्या असलेल्या लहान वर्गातल्या मुलीलासुद्धा तो हात दिसे. मग हुकूम सुटे, हात खाली येई, आणि साऱ्या लेझमी एका झटक्यात खळाळत. एखादी मागे राहिली तर बाईंना ती पाठमोऱ्या असतानाही ऐकू येई.

"ए, तिसऱ्या रांगेतली! झुकून काय राहिलीस? मेथी निवडून राहिलीस का?"

ही आमची ग्वाल्हेरची मराठी. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून हसतात. हसोत. आमचे पणजोबा दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले तेव्हा भाषा पेटीत घालून कुलूप लावून आणली नव्हती. ती बाजारात, तबेल्यात, विहिरीवर वापरली. वापरलेल्या वस्तूवर खुणा पडायच्याच.

मीही त्या रांगेत उभी राहिले आहे. पुढे बी.ए. होऊन त्याच शाळेत शिक्षिका झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझ्या आधीच्या पिढ्यांनी घोड्यांची तोंडं पाहिली. वडील महाराजांच्या रिसाल्यात नालबंद होते. हे मी सगळ्यांना सांगते, न विचारता सांगते. सांगायला मला भापकरबाईंनी शिकवलं. शाळेत नाव घालताना मी वडिलांचा धंदा हळूच पुटपुटले होते. मागून आवाज आला, "मोठ्यानं सांग. घोडा नालेवर चालतो की सरदाराच्या शिरपेचावर?"

बाई स्वतः रिसाल्यातल्या दफेदाराची मुलगी. उंच, हाडापेराने रुंद. नऊवारीचा काष्टा पक्का मारलेला आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज ओल्या खडूने पांढरे केलेले. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा तापाने गेला. मूल नव्हतं. माधवगंजात दिराच्या, नानासाहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर त्या राहत. तिथून बाड्याच्या चौकातून, नई सडकेवरून शाळेला पायी येत. काष्टा आणि बूट या जोडीला सुरुवातीला लोक हसले असतील. मला आठवतं तेव्हापासून तरी दुकानदार गल्ल्यावरून उठून "राम राम, ड्रिलबाई" करत. बाई चालता चालता उत्तर देत, "राम राम लालाजी. पीठ सीधी!" आणि लालाजी खरंच पाठ ताठ करत.

शरीराबद्दल त्यांचा एक हिशोबी विचार होता. "अंग काय ट्रंकेत घडी घालून ठेवायला दिलंय? कामाला दिलंय." अंगाबद्दल लाजणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. आमच्या मोठ्याबाई, म्हणजे मुख्याध्यापिका लेलेबाई, अगदी उलट स्वभावाच्या. दरबारच्या पुरोहितांच्या घरातल्या. त्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीच्या पलीकडे जात नसे. पुढे अनेकदा त्यांनीच मला हसत सांगितलेला प्रसंग असा.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा चालू होता. कोपऱ्यात म्हातारे शास्त्रीजी, आमचे संस्कृतचे शिक्षक, डोळे मिटून बसले होते. बाई आत आल्या आणि मैदानावरच्याच आवाजात म्हणाल्या, "मोठ्याबाई, मला रजा पाहिजे. माझ्या छातीत गाठ आहे. मुंबईला जाऊन कापून घेते."

लेलेबाईंच्या हातातली बशी कलंडली. "अहो, हळू! शास्त्रीजी बसलेत."

"मग काय झालं? शास्त्रीजींना आई नव्हती?"

शास्त्रीजींनी डोळे उघडले नाहीत. पण "जा बेटा, लवकर जा," एवढं म्हणाले म्हणे.

त्या काळी हा रोग बायका पदराखाली घेऊन मरत. बाई मुंबईला गेल्या. उजवीकडचं सगळं काढलं, काखेपर्यंत. मग त्या जागेवर क्ष-किरण दिले. आमच्याकडे त्याला विजेचा शेक म्हणत. परत आल्या तेव्हा अंगावरचं मांस उतरलं होतं आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आम्हा मुलींना वाटलं, संपलं. आता ड्रिलला कोणी मास्तर येईल.

पाण्याच्या टाकीमागे शाळेची एक भिंत होती. बाई रोज प्रार्थनेआधी तिच्यासमोर उभ्या राहत आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवत. जिथे हात थांबे तिथे डाव्या हाताने कोळशाची रेघ मारत. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर जायचं. कपाळावर घाम, दात आवळलेले. आम्ही कोपऱ्यावरून डोकावायचो. त्यांना ठाऊक होतं, पण हाकललं नाही. एकदा एवढंच म्हणाल्या, "बघायचंच तर नीट समोर येऊन बघा. कोणाला कधी लागेल, सांगता येत नाही."

रेघा चढत गेल्या. खिडकीच्या चौकटीच्या वर गेल्या. आणि एका सकाळी मैदानावर तो हात वर गेला, कोपर सरळ, बोटं मिटलेली. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो.

"टाळ्या कशाला पिटता? लेझीम उचला!"

शेक दिलेली जागा मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या आईला गाठ झाली होती आणि ती कोणाला सांगेना. मी रडत बाईंना सांगितलं. त्या संध्याकाळी घरी आल्या, वडिलांना "जरा बाड्यावर चक्कर मारून या" म्हणून बाहेर काढलं, दार लावलं आणि आईसमोर चोळीची गाठ सोडली. मी घडवंचीआड उभी होते. छातीपासून गळ्याच्या हाडापर्यंत आणि खांद्याच्या पुढच्या भागावर कातडी तांब्यासारखी झालेली, ताणलेली, चकचकीत, वर बारीक लाल शिरांचं जाळं.

"हे बघ वैनी. इथं होती. गेली. मी आहे." बाईंनी त्या कातडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, दारावर करावं तसं. "हे माझं चिलखत. आता या बाजूनं काही आत शिरायचं नाही."

आई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. तिची गाठ साधी निघाली. पण माधवगंजातल्या आणि पलीकडच्या गल्ल्यांतल्या कितीतरी बायका बाईंच्या त्या बंद दारामागून उठून दवाखान्यात गेल्या. सगळ्यांच्या साध्या निघाल्या नाहीत. ज्या वेळेवर गेल्या त्यातल्या काही अजून आहेत.

मग संस्थानं विलीन होऊन एक राज्य झालं, त्याच्या कचेऱ्या ग्वाल्हेरातच राहिल्या. आमच्या मैदानावरचा झेंडा बदलला, शाळेची पाटी नव्याने रंगली. रिसाला मोडला. माझे वडील बाड्यावरच्या एका बँकेच्या दाराशी पहारेकरी झाले आणि नाल मारायचा हातोडा घरी खिळ्याला टांगून ठेवला. थोडी वर्षं गेली आणि पुन्हा बातमी आली: आताचं राज्यही मोडणार, त्याहून मोठं होणार, राजधानी भोपाळला जाणार. त्या वर्षी शहराच्या आमच्या लष्कर भागात लोक सुतक असल्यासारखे बोलत. कचेऱ्यांची दफ्तरं पेट्यांत भरली जात होती. नानासाहेब सचिवालयात कारकून. त्यांचीही बदली ठरली. रोज जेवताना ते तेच दळण दळत. "वहिनी, ग्वाल्हेरचं आता काय राहिलं? किल्ला तेवढा राहिला, कारण तो उचलता येत नाही."

बाई म्हणत, "आणि माझं मैदान. तेही नाही उचलता येत. भात घ्या."

त्याच सुमारास होऊ घातलेल्या राज्याच्या शिक्षणखात्याचे एक इन्स्पेक्टरसाहेब जबलपूरकडून आले. बाईंचे हुकूम म्हणजे त्यांच्या वडिलांच्या रिसाल्यातून आलेली मिसळ. थोडं वाकवलेलं इंग्रजी, थोडी हिंदी, राग आला की मराठी. साहेबांनी कानावर हात ठेवला.

"बाईसाहब, यह कौन-सी भाषा है?"

"रिसाले की, साहब."

"रिसाला तो अब रहा नहीं. आज्ञा शुद्ध हिंदी में होनी चाहिए. और एक बात. व्यायाम की शिक्षिका वही रहेगी जो शरीर से पूरी तरह सक्षम हो. नए राज्य में सबकी जाँच होगी."

बाई "जी" म्हणाल्या. त्यांना "जी" म्हणताना मी प्रथमच ऐकलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर आल्या त्या मुक्याने. हात वर, तयार. हात खाली, सुरू. हात उजवीकडे, रांग उजवीकडे. हात डावीकडे फिरला की रांग डावीकडे. मूठ मिटली की सगळं गप्प. हे मुलींना पक्कं व्हायला बराच काळ गेला, पण झालं तेव्हा बघण्यासारखं झालं. दीडदोनशे मुली आणि मैदानावर माणसाचा आवाज नाही, नुसती लेझीम.

लेलेबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "भापकरबाई, हिंदीतच सांगायचं की सरळ. एवढा हट्ट?"

"हट्ट कसला मोठ्याबाई? साहेबांचा हुकूम आवाजावर आहे. हातावर नाही."

असा सगळा भार त्या एका उजव्या हातावर आला. आणि त्याच हातावर घाला पडला.

मी शाळेत नोकरीला लागून वर्ष झालं असेल. माझ्या लक्षात आलं की बाई पदर आता उजव्या खांद्यावरून गुंडाळून घेतात. पाण्याची कळशी डाव्या हाताने उचलतात. विचारलं तर त्यांनी माझं बोट धरून गळ्याच्या हाडाखाली ठेवलं. तांबूस कातडीखाली काहीतरी घट्ट, दगडासारखं लागलं.

"चिलखत जाड होऊन राहिलंय," बाई म्हणाल्या. "वय झालं ना त्याचं."

ही चूक बाईच करू जाणे. घाबरून लपवणाऱ्या त्या नव्हत्या. डाव्या बाजूला त्या नेमाने बोटं फिरवून बघत. तिथे दाण्याएवढं काही लागलं असतं तर पुन्हा भर खोलीत ओरडल्या असत्या. पण पहारा सगळा डावीकडे. उजवीकडे किल्ला आहे, तिथे शत्रू कुठून येणार? दुखत होतं, ते त्यांनी सराव वाढवून दाबलं. टाकीमागच्या भिंतीवर पुन्हा कोळशाच्या रेघा दिसू लागल्या. या खेपेला त्या रोज खाली उतरत होत्या.

ते ओळखलं लेलेबाईंनी. एका सकाळी बाईंचा हात अर्ध्यावर अडकला. मुली वाट बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, त्याच चहाच्या वेळी, लेलेबाई उभ्या राहिल्या. जन्मात काढला नव्हता असा आवाज काढून म्हणाल्या, "भापकरबाई, तुमच्या छातीत गाठ आहे."

बाई क्षणभर गोंधळल्या. मग कोपऱ्याकडे, निवृत्तीनंतरही चहाला येऊन बसणाऱ्या शास्त्रीजींकडे, बोट दाखवून पुटपुटल्या, "शास्त्रीजी बसलेत हो."

"बसू द्या. त्यांना आई होती."

इथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि नानासाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की जुनाच रोग उलटला, हाडात उतरला, आता घरीच ठेवा. नानासाहेब जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "वहिनी, भोपाळला चला. आम्ही आहोत. आराम करा."

"आराम नंतर. आधी मुंबईला विचारू. ज्यांनी चिलखत चढवलं त्यांना दाखवू."

नानासाहेबांनी रजा काढली. मी सोबत गेले. सोबतीला बाईमाणूस हवं होतं, आणि डॉक्टर इंग्रजीत बोलले तर समजायला मी हवी असं ठरलं. डॉक्टर अगदी सरळ मराठीत बोलले. माझं बी.ए. त्या दिवशी पिशव्या सांभाळण्याच्या कामी आलं.

तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला. मग डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. वयस्क होते, पण बोलताना टेबलाकडे न बघता बाईंकडे बघत होते, ते मला आवडलं.

"भापकरबाई, हा तुमचा जुना रोग नाही. तो गेला तो गेलाच. हा नवा आहे. हाडातून उठलाय. याला सार्कोमा म्हणतात."

"नवा? मग आला कुठून?"

"त्या वेळी आपण जे किरण दिले, त्यांच्यामुळे. ज्या जागेवर किरण पडतात तिथे बऱ्याच वर्षांनी, फार क्वचित, असं होतं. कोणाला होईल ते आधी कळत नाही."

नानासाहेब खुर्चीतून उठलेच. गरीब माणूस, साहेबासमोर कधी मान वर केली नसेल. पण तेव्हा म्हणाले, "म्हणजे औषधानंच रोग दिला? आम्ही विश्वासानं आणलं होतं यांना!"

"नाना, बसा," बाई म्हणाल्या.

"नाही वहिनी, यांना विचारलंच पाहिजे..."

"बसा म्हणते ना." आवाज मैदानावरचा. नानासाहेब बसले. ज्या जागेला बाई इतकी वर्षं चिलखत म्हणत होत्या तिथे त्यांनी तळवा ठेवला. मग बोलल्या त्या वडिलांबद्दल.

"आमच्या आबांचा एक घोडा होता. लाखी रंगाचा. आबा एकदा जखमी होऊन शुद्ध हरपून त्याच्या मानेवर पडले, तर त्यानं त्यांना तसंच छावणीपर्यंत आणलं. त्यानंतर मी जन्मले. म्हणजे बघा, तो नसता तर मीही नव्हते. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच घोड्यानं तबेल्यात लाथ मारली. आबांचा गुडघा गेला. लोक म्हणाले, विका त्याला. आबा म्हणाले, लाथ मारली ती खरी, दुखतंय तेही खरं. पण आणलं होतं तेही खरंच ना? शेवटपर्यंत त्याला दाणा आबाच घालत. लंगडत जाऊन."

बाईंनीच पुढचं विचारलं, "बरं. आता काय करायचं, ते सांगा."

"हात काढावा लागेल. खांद्यासकट, गळ्याच्या हाडासकट. मोठं ऑपरेशन आहे. तरी रोग पुरता निघेल असं वचन मी देत नाही. नाही काढला तर मात्र थोडे महिने, आणि तेही फार वेदनेचे."

नानासाहेबांनी तोंड फिरवलं. मी बाईंच्या हाताकडे बघत होते, उजव्या.

"डावा ठेवणार ना?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "डावा तुमचाच."

"मग काढा. फक्त एक. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत नव्या राज्याचा सोहळा आहे. इन्स्पेक्टर येणार, जाँच करणार. माझ्या पोरी मैदानावर असतील. तोवर मला उभं करा."

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. बाईंना आवडलं नसतं. नसलेला हात दुखतो, बोटं वळतात, असं त्या सांगत तेव्हा नर्सला भ्रम वाटे. बाई म्हणत, "भ्रम नाही ग. इतकी वर्षं नोकरी केली त्यानं. रजेवर गेलाय हे त्याला अजून कळवलेलं नाही."

परत आल्यावर नानासाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. सामान बांधून झालं होतं. "वहिनी, ते लोक तुम्हाला मैदानावर पाय ठेवू देणार नाहीत. सक्षम पाहिजे म्हणतात. कशाला अपमान करून घेता? चला आमच्याबरोबर."

"ठेवू दिला नाही तर येते भोपाळला. पाय तर ठेवून बघू दे."

आणि बाई मैदानावर आल्या. चोळीची उजवी बाही मुद्दाम शिवलीच नव्हती. पदर त्या बाजूने खोचलेला, खांदा जिथे असायचा तिथून अंग सरळ उतरलेलं. लहान मुली रडायला लागल्या.

"काय झालं? हात माझा गेलाय, तुमचे आहेत ना? उचला लेझीम!"

त्यांनी डावा हात वर केला. खाली आणला. लेझीम सुरू झाली. मग वळण आलं आणि सगळा घोटाळा झाला. बाई मुलींकडे तोंड करून उभ्या होत्या. मुलींची नजर उजव्या हाताला सरावलेली. डावा हात हलला की अर्ध्या मुली इकडे, अर्ध्या तिकडे, लेझमी एकमेकींत अडकलेल्या. रोज तेच. सोहळा जवळ आलेला. लेलेबाई हळूच म्हणाल्या, "या खेपेला शिट्टी वापरावी का?"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की लेलेबाई परत व्हरांड्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई येऊन उभ्या राहिल्या आणि मुलींकडे पाठ केली.

"दफेदार लढाईत कसा असतो?" समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत त्या म्हणाल्या. "आपल्या लोकांकडे तोंड करून घोडा हाकतो का? पुढं असतो. तोंड तिकडं, पाठ तुमच्याकडं. आता माझा डावा तो तुमचा डावा. मी जिकडं वळते तिकडं तुम्ही. मी मागं बघणार नाही."

"पण बाई, आमचं चुकलं तर?" एक मुलगी म्हणाली.

"चुकलं तर तुमचं तुम्ही सावरा. मी मागं बघणार नाही म्हणजे नाही."

मुली सावरू लागल्या. मागे बघणारं कोणी नाही म्हटल्यावर त्या एकमेकींकडे बघू लागल्या, शेजारणीच्या कोपराला कोपर जुळवू लागल्या. मीही त्यांच्यात शेवटच्या रांगेत उभी राहत असे.

सोहळ्याच्या दिवशी मैदानाच्या एका बाजूला मांडव होता, खुर्च्यांवर नव्या राज्याचे अधिकारी. मधोमध तेच इन्स्पेक्टरसाहेब. बाई मांडवासमोर चालत गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणजे ते गेलेलं अंग सगळ्या साहेबांना पुरतं समोरून दिसत होतं. पदर त्यांनी सारखा केला नाही. आम्हाला मागून दिसत होती ती रुंद पाठ, एकीकडे उतरलेली, आणि दुसरीकडे वर गेलेला डावा हात. कोपर सरळ. बोटं मिटलेली.

हात खाली आला.

मी आयुष्यात बरीच लेझीम पाहिली. अशी नाही. एक पाय चुकला नाही. शेवटी मूठ मिटली आणि मैदान असं गप्प झालं की कडुनिंबावरचे पोपट ऐकू आले. बाईंनी खरंच एकदाही मागे पाहिलं नाही. गरजच नव्हती; साहेबांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत असणार.

इन्स्पेक्टरसाहेब मांडवातून खाली उतरले. "बाईसाहब," ते म्हणाले, "आपने तो आज्ञा दी ही नहीं."

"दी ना, साहब. आप सुनने के लिए बैठे थे, लड़कियों ने देख ली."

साहेबांनी हात जोडले, वाकून. जाँच कधी झाली, काय झाली, मला माहीत नाही. बाई मैदानावर राहिल्या. नानासाहेब बाईंना न घेताच भोपाळला गेले. निघताना टांग्यातून म्हणाले, "किल्ला आणि वहिनी. दोन्ही उचलता येत नाहीत."

गावात मात्र वेगळीच कुजबूज सुरू झाली. त्या विजेच्या शेकानेच ड्रिलबाईंचा हात खाल्ला, आता कोणी मुंबईला जाऊ नका. एक कासारीण भेदरून बाईंकडे आली. तिचं ऑपरेशन झालं होतं, पुढे शेक घ्यायला सांगितला होता. बाईंनी पूर्वीसारखंच दार लावलं. मला म्हणाल्या, तू थांब, तुलाही कळू दे.

"जा. शेक घे," तिला म्हणाल्या. "मला त्यानं किती वर्षं दिली बघ. माझ्या हाताखालून किती पोरी गेल्या त्या वर्षांत. मात्र एक ऐक. मी त्या जागेला चिलखत समजले. तू समजू नकोस. तिथं जन्मभर बोटं फिरवत जा. काही कडक लागलं, दुखलं, तर लगेच जा. मी उशीर केला."

ही एकच कबुली मी त्यांच्या तोंडून ऐकली. नंतर जी बाई येई तिला त्या हेच सांगत, न चुकवता, उघड्या खांद्यावर बोट ठेवून. ज्यांना आधी चिलखत दाखवलं होतं त्या जुन्या बायकांच्या घरी तर स्वतः जाऊन सांगून आल्या.

पुढच्या हिवाळ्यात खोकला लागला. रोग छातीच्या आत पोचला होता. बाईंनी डॉक्टरांना विचारून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मला बोलावून म्हणाल्या, "कमळे, मैदान तू घे. तुझी पाठ चांगली आहे."

प्रमाणपत्रं पुष्कळ मिळाली मला. एवढं मोठं नाही.

शेवटचं पाहिलं ते सव्वीस जानेवारीला. बाईंना माझ्या वडिलांनी टांग्यातून आणलं आणि कडुनिंबाखाली खुर्चीत बसवलं. शालीत गुंडाळलेल्या, एवढ्याशा झालेल्या. पायात मात्र पांढरे बूट, ताज्या खडूचे. बाजूला लेलेबाई छत्री धरून उभ्या. मी मुलींकडे पाठ करून उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे. माझ्या पाठीमागे सगळी शाळा. डावा हात वर करायचा होता आणि तो उचलेना.

तेवढ्यात समोर शाल हलली. आतून बाईंचा डावा हात बाहेर आला. सावकाश चढला, त्या भिंतीवर उजवा चढायचा तसा, बोटाबोटाने. लेलेबाई धरायला वाकल्या, तर बाईंनी मानेनेच नको म्हटलं. हात पुरता वर गेला. कोपर सरळ झालं. बोटं मिटली.

मी माझा हात वर केलाच नाही. माझ्या खांद्यावरून मुलींनी बाईंचा हात पाहिला होता. मागे एकही लेझीम वाजली नाही, एकही पाय हलला नाही. आणि मग तो हात खाली आला.